कोरे एकोणीस रकाने

पत्रलेखिका धातूच्या भागांवर क्रोम प्लेटिंग करणाऱ्या एका लहान कारखान्यात क्वालिटी मॅनेजर आहेत. गुणवत्तेसाठीचं आयएसओ ९००१ आणि पर्यावरणासाठीचं आयएसओ १४००१ अशी दोन्ही प्रमाणपत्रं कारखान्याकडे आहेत आणि दोन्हींचं ऑडिट सहा आठवड्यांवर आलं आहे. त्याची तयारी करताना त्यांनी सांडपाणी शुद्धीकरणाचं, म्हणजे ईटीपीचं, रजिस्टर उघडलं. तीन महिने पीएचच्या रकान्यात ७.१, ७.२, ७.१ असेच आकडे, आणि मधले एकोणीस दिवस कोरे. शंका आली म्हणून त्यांनी बाहेर जाणाऱ्या पाण्याचा एक नमुना प्रयोगशाळेत पाठवला. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचं विषारी रूप, परवान्यातल्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. मालकांना रिपोर्ट दाखवला तर ते म्हणाले, ‘ऑडिट होऊन जाऊ दे, मग बघू. तोवर हा कागद ड्रॉवरमध्ये राहू दे आणि रजिस्टर तेवढं पूर्ण करून घ्या.’ मालक मनाने वाईट नाहीत, अडचणीच्या काळात त्यांनीच नोकरी दिली, असं त्या लिहितात. सही केली तर मन खात राहील, नाही केली तर प्रमाणपत्र जाईल आणि चाळीस जणांच्या पोटावर पाय येईल, नोकरी सोडली तर घराचे हप्ते थकतील. ‘सही करू की राजीनामा देऊ?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमची घालमेल दिसली. दुसऱ्या वेळी मात्र एक गोष्ट खटकली, तिच्याकडे येतोच. त्याआधी ज्या बाबतीत माझ्या मनात काहीच शंका नाही ते सांगून टाकतो: ते एकोणीस रकाने भरू नका. तुमच्या हाताने नाही, ऑपरेटरच्याही हाताने नाही.

कोरा रकाना एवढंच सांगतो की त्या दिवशी कुणी मोजलं नाही. ही चूक आहे, पण ती खरी आहे आणि दुरुस्त होण्याजोगी आहे. तोच रकाना आज बसून भरला की ते खोटं कागदपत्र होतं, आणि त्याखाली सही तुमची असते. त्या प्रत्येक कोऱ्या ओळीवर एक आडवी रेघ मारा, ‘नोंद घेतलेली नाही’ असं लिहा, आजची तारीख घाला, सही करा. व्हाइटनर नको, पान बदलणं नको. ज्याला वाचायचंय त्याला वाचू दे.

मागाहून भरलेल्या नोंदी पकडल्या जात नाहीत असं मालकांना वाटत असेल तर तो त्यांचा गैरसमज आहे. अनुभवी ऑडिटर रजिस्टर एकटं वाचत नाही. तो शेजारी रसायनांच्या खरेदीची बिलं ठेवतो, ईटीपीच्या पंपाचं वीजमीटर बघतो, फ्लोमीटरचा आकडा आणि बाहेर पाठवलेल्या गाळाची पावती मागतो. एवढं पाणी शुद्ध केलं म्हणता, तर त्याला लागणारं मेटाबायसल्फाइट, म्हणजे विषारी क्रोमियम कमी विषारी रूपात आणणारं रसायन, कुठून आलं? एवढा चुना टाकला तर गाळ गेला कुठे? एक ग्रॅम हेक्झाव्हॅलंट क्रोमियम असं ‘उतरवायला’ हिशेबाने पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सोडियम मेटाबायसल्फाइट लागतं, प्रत्यक्षात थोडं जास्तच. गोदामातला साठा आणि रजिस्टर जुळत नसेल तर दहा मिनिटांत कळतं.

आता जे खटकलं त्याबद्दल. तुम्ही गृहीत धरलंय की ऑपरेटर मनाने आकडे लिहितोय. तसं असेलही. पण तुम्ही तो पीएच मीटर स्वतः हातात घेऊन पाहिलात का? पत्रात तरी तसं कुठे दिसत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कारखान्यात तपासणीसाठी गेलो होतो. तिथेही रोज सात. ऑपरेटर वयाने मोठे, शब्दाला पक्के. आकडे खोटे म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘साहेब, रोज बुडवतो, रोज बघतो, तेच लिहितो.’ मग आम्ही दोघं ईटीपीवर गेलो. प्रोब एका कोरड्या ग्लासात उभा होता, टोकाला पांढरी खपली धरलेली. तो मी आम्लाच्या पाण्यात बुडवला, सात. धुऊन कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवला, तरीही सात. काचेच्या फुग्याला केसासारखी चीर गेली होती. पीएचचा इलेक्ट्रोड काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूतला विजेचा फरक मोजतो. सात पीएचला तो फरक जवळजवळ शून्य असतो. काच फुटली की आतबाहेर एकच होतं, फरक शून्य, आणि मीटर सातच्या आसपास अडकून बसतो. म्हणजे मेलेला प्रोब नेमका तोच आकडा दाखवतो जो पाहून सगळे खूश होतात. त्या गृहस्थांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. मी मात्र चार माणसांसमोर त्यांना खोटं ठरवून मोकळा झालो होतो. नंतर माफी मागितली, पण तो प्रसंग अजून माझ्या मनात सलतो.

म्हणून आधी मीटर तपासा. चार, सात आणि नऊच्या वरचा एक, असे तीन बफर, म्हणजे पीएच आधीच ठाऊक असलेली द्रावणं, घ्या आणि प्रोब एकेकात बुडवा. तीन वेगळे आकडे दिसले नाहीत तर तुमचं तीन महिन्यांचं रजिस्टर म्हणजे एका बंद पडलेल्या घड्याळाची वेळ आहे. आणि ही गोष्ट ईटीपीवाल्याच्या आधी तुमच्या खात्यात येते, कारण मोजमापाची साधनं ठीक ठेवणं हे आयएसओ ९००१ मध्ये थेट गुणवत्तेच्या बाजूला लिहिलंय, कलम ७.१.५. मायक्रोमीटरला कॅलिब्रेशनचं स्टिकर आहे आणि पीएच मीटरला नाही, अशी स्थिती मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की तुमच्याकडेही तसंच असेल असं मला वाटतं. तसं नसेल तर आनंदच आहे.

मीटर चांगला निघाला तरी एक प्रश्न उरतोच, आणि तो मला ऑपरेटरपेक्षा तुमच्या वरच्या मंडळींना विचारावासा वाटतो: ७.१ हा आकडा तीन महिन्यांत कुणी वाचला का? क्रोमचं पाणी दोन टप्प्यांत शुद्ध होतं हे तुम्हाला माहीत आहे, इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. आधी आम्ल घालून पीएच दोन ते तीनवर आणायचा, मेटाबायसल्फाइट सोडायचं, म्हणजे पिवळं विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम हिरवट ट्रायव्हॅलंट रूपात येतं. मग चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच आठ-नऊच्या दरम्यान न्यायचा, तेव्हा ते गाळ होऊन खाली बसतं. पहिला टप्पा कच्चा राहिला, म्हणजे पीएच चार-पाचवरच थांबला किंवा मेटाबायसल्फाइट जुनं होऊन निकामी झालेलं असलं, तर हेक्झा तसंच पुढे जातं. चुना कितीही ओता, ते खाली बसत नाही. पाणी डोळ्यांना स्वच्छ, शेवटचा पीएच सात, आणि क्रोमियम मर्यादेच्या दुप्पट. तुमच्या रिपोर्टचं आणि तुमच्या रजिस्टरचं असं मुळीच भांडण नसेल. दोन्ही खरे असू शकतात. शेवटच्या टाकीचा पीएच हेक्झाबद्दल काहीच सांगत नाही. पहिल्या टाकीतला पीएच आणि ओआरपी मीटरचा (हेक्झा उतरवण्याची क्रिया पूर्ण झाली का हे दाखवणाऱ्या मीटरचा) आकडा सांगतो, आणि तो रकाना तुमच्या रजिस्टरमध्ये आहे असं पत्रावरून वाटत नाही.

तुमच्या त्या एका नमुन्याबद्दलही बोलायला हवं. तो तुम्ही घेतलात ही हिमतीची गोष्ट आहे. पण मालकांनी उद्या विचारलं, ‘एका बाटलीवरून एवढं?’ तर उत्तर तयार हवं. नमुना कुठल्या ठिकाणी घेतला, किती वाजता, त्या वेळी कुठली टाकी रिकामी होत होती? बाटली थंड ठेवली होती का आणि चोवीस तासांच्या आत तपासणी झाली का? एकूण धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालतात, हेक्झासाठीच्या बाटलीत ते घालत नाहीत, कारण आम्लात हेक्झा स्वतःच उतरायला लागतं आणि आकडा कमी येतो. एका क्षणी भरलेली बाटली त्या क्षणापुरती बोलते. दिवसभर ठरावीक अंतराने थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलेला नमुना दिवसाचा अंदाज देतो. परवान्यात कुठला मागितलाय ते बघा. आयएसओ १७०२५ ची, म्हणजे प्रयोगशाळांसाठीच्या प्रमाणकाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडून, आधी ठरवलेल्या पद्धतीने पुन्हा तपासून घ्या.

मात्र पुन्हा तपासणी होईपर्यंत पहिला रिपोर्ट नव्हताच असं वागता येणार नाही. नेमकं इथेच अनेक चांगली माणसं घसरतात. ‘खात्री करून घेऊ’ म्हणत दोन महिने जातात आणि पाणी वाहतच असतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची संयुगं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलेली आहेत. तुमच्या हातात दुप्पट आकड्याचा कागद आहे, तेवढा बाहेरचा व्हॉल्व्ह बंद करायला पुरेसा आहे. पाणी टाकीत अडवा, बॅच करून शुद्ध करा, प्रत्येक बॅच सोडण्याआधी हेक्झाची साधी रंगचाचणी लावा. त्याचं किट सहज मिळतं आणि आकडा अगदी बिनचूक नसला तरी ‘आहे की नाही’ हे कळतं. साधं पाणी मिसळून पातळ करून सोडण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. पातळ केल्याने नाल्यात जाणारं क्रोमियम एका मिलिग्रॅमनेही घटत नाही, आणि अनेक परवान्यांत त्याला स्पष्ट मनाई असते. मर्यादा ओलांडली तर नियामक यंत्रणेला अमुक मुदतीत कळवावं, अशीही अट बऱ्याच परवान्यांत असते. तुमचा परवाना पहिल्या पानापासून शेवटच्या अटीपर्यंत वाचा. ऑडिटची फाइल बनवणाऱ्या किती जणांनी तो खरोखर वाचलेला असतो याची मला शंकाच आहे.

आता प्रमाणपत्र जाण्याची भीती. तुमच्या सगळ्या घालमेलीच्या मुळाशी हीच आहे आणि ती बरीचशी चुकीच्या समजुतीवर उभी आहे.

आयएसओ १४००१ असं कुठेच म्हणत नाही की तुमच्याकडून कधी चूक होता कामा नये. २०१५ च्या आवृत्तीत तीन गोष्टी मागितल्या आहेत, त्या एकामागोमाग वाचा. कलम ६.१.३: तुम्हाला कुठले नियम लागू होतात ते माहीत असू द्या. कलम ९.१.२: ते पाळले जातात की नाही हे स्वतः तपासा. कलम १०.२: पाळले जात नसतील तर काय केलं, कारण काय शोधलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं, ते दाखवा. तुमच्या ड्रॉवरमधला तो रिपोर्ट म्हणजे ९.१.२ चा पुरावा आहे. तुम्ही नेमकं तेच केलंत जे प्रमाणकाने सांगितलं. आता त्याला १०.२ ची जोड द्या: विसंगती अहवाल, तात्पुरती उपाययोजना, मूळ कारण, कायमचा बदल, कुणी करायचं, कधीपर्यंत. ऑडिटरसमोर हे ठेवलंत तर तो शेरा मारेल, कदाचित मोठी विसंगतीही नोंदवेल. पण मोठी विसंगती म्हणजे त्याच दिवशी प्रमाणपत्र रद्द असं नसतं. दुरुस्तीला मुदत मिळते आणि दुरुस्तीचा पुरावा मागितला जातो. याउलट नोंदी बनावट आहेत असं दिसलं की ऑडिटर तुमच्या बाकीच्या कुठल्याही कागदावर विश्वास का ठेवेल? टॉर्कच्या नोंदी, जाडीच्या नोंदी, ग्राहकाला पाठवलेली टेस्ट सर्टिफिकेटं, सगळंच संशयाखाली येतं.

आणखी एक. प्रमाणपत्र हातात आहे म्हणजे कायद्याच्या बाजूने आपण सुरक्षित, हा समज मनातून काढून टाका. प्रमाणपत्र आयएसओ देत नाही, प्रमाणन संस्था देते, आणि ती व्यवस्थापनाची पद्धत तपासते. नाल्यातल्या क्रोमियमची जबाबदारी तिच्याकडे नसते. नियामक यंत्रणेचा माणूस नमुना घ्यायला आला तर भिंतीवरची चौकट त्याच्या कामाची नाही.

तुम्ही एका ठिकाणी लिहिलंय, ‘माझं काम क्वालिटी, पर्यावरण मला चिकटवलेलं आहे.’ तुमचा वैताग समजतो. पण प्लेटिंगमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. भाग टांगलेला रॅक बाथमधून, म्हणजे प्लेटिंगच्या द्रावणाच्या टाकीतून, वर येतो तेव्हा एकदा त्याच्याजवळ उभ्या राहा. भागांच्या कडांवरून, भोकांतून पिवळं द्रावण ओघळत असतं. ऑपरेटरवर संख्येचा दबाव असेल तर तो रॅक ठिबकू न देताच पुढच्या टाकीत नेतो. ते ओघळणारं द्रावण म्हणजे तुम्ही पैसे मोजून आणलेलं क्रोमिक आम्ल. ते धुण्याच्या टाकीत जातं, तिथून ईटीपीत, तिथे ते उतरवायला पुन्हा रसायन लागतं, आणि शेवटी गाळ म्हणून ते बाहेर पाठवायलाही पैसे पडतात. एकच वस्तू मालक तीनदा विकत घेतात. आणि धुण्याचं पाणी असं गढूळ झालं की भागावर डाग राहतात, मग रिजेक्शन, मग रीवर्क, म्हणजे पुन्हा तेच द्रावण आणि तेच पाणी.

आकड्यात बघा. समजा तासाला एक लिटर द्रावण भागांवरून वाहून येतं आणि शेवटी ते हजार पट पातळ व्हायला हवं. धुण्याची एकच टाकी असेल तर तासाला हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या लावून पाणी उलट दिशेने खेळवलं, म्हणजे ताजं पाणी शेवटच्या टाकीत आणि तिथलं पहिल्या टाकीत, तर साधारण बत्तीस लिटर पुरतात. तीन टाक्या असतील तर दहा. हजाराचं वर्गमूळ आणि घनमूळ, एवढंच गणित आहे. प्रत्यक्षात टाकीतलं पाणी नीट ढवळलं जात नाही, त्यामुळे आकडे थोडे वाढतात, तरी फरक प्रचंडच राहतो. रॅक बाथवर आणखी दहा-पंधरा सेकंद ठिबकत ठेवणं, मध्ये ओघळपट्टी लावणं, पहिल्या धुण्याचं पाणी बाष्पीभवनाने कमी झालेल्या बाथमध्येच परत घालणं (साचणारी अशुद्धी तपासत राहून), यातल्या काही गोष्टी तर जवळजवळ फुकट आहेत. ईटीपीवर येणारा भारच कमी झाला की तुमचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

मालकांशी बोलताना हाच दरवाजा वापरा. त्यांच्याकडे ‘हे अनैतिक आहे’ म्हणून गेलात तर ते बचावात जातील, कारण ते खरंच वाईट माणूस नाहीत आणि तसं कुणी म्हटलेलं त्यांना सहन होणार नाही. एका पानावर लिहून न्या: महिन्याला क्रोमिक आम्लाची खरेदी किती, त्यातलं भागांवर बसायला हवं किती, बाकी जातं कुठे, रीवर्क किती. मग शेवटी सांगा, ‘साहेब, मी एकोणीस रकाने भरणार नाही. पण सहा आठवड्यांत काय काय दुरुस्त करता येईल ते लिहून आणलंय. व्हॉल्व्ह आजपासून बंद ठेवायला परवानगी द्या.’ नकार आणि उपाय एकाच श्वासात द्यायचे. नुसता नकार ऐकला की माणूस हट्टाला पेटतो.

आणि तुम्ही एकट्या जबाबदार आहात असं वाटत असेल तर हेही लक्षात घ्या. आधीच्या आवृत्त्यांत ‘व्यवस्थापन प्रतिनिधी’ नेमण्याची अट होती. २०१५ मध्ये दोन्ही प्रमाणकांतून ती काढून टाकली आणि उत्तरदायित्व थेट सर्वोच्च व्यवस्थापनावर टाकलं. तुमच्या कारखान्यात ते पद अजून असेल, तुमच्या खुर्चीला चिकटवलेलं असेल, तरी ‘हे तुमचं तुम्ही बघा’ म्हणून मालकांना हात झटकता येत नाहीत. बैठकीत हे शांतपणे वाचून दाखवा.

ऑपरेटरशी मात्र वेगळं बोला, आणि एकट्याशी बोला. त्यांना विचारा, वाईट आकडा लिहिला होता का कधी? लिहिल्यावर काय झालं? बहुतेक वेळा उत्तर एकच येतं: ओरडा बसला. गुणवत्ता क्षेत्रात गुणवत्ता-व्यवस्थापनाचे तज्ज्ञ डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांचा दाखला सगळे देतात, पण त्यातला आठवा मुद्दा, कामाच्या जागेवरची भीती घालवा, भिंतीवर चिकटवण्यापलीकडे फार कमी ठिकाणी पोहोचतो. तुमच्या हातात एक लहान गोष्ट आहे. पीएच पाच असा आकडा ज्या दिवशी रजिस्टरमध्ये पहिल्यांदा दिसेल, त्या दिवशी सगळ्यांसमोर त्या माणसाचे आभार माना आणि मग पाण्याकडे वळा.

आता अवघड भाग. मालक ऐकलेच नाहीत तर?

इथे मला जपानमधल्या मिनामाटाची गोष्ट सांगाविशी वाटते. तुमचा कारखाना तसा नाही, प्रमाणही तसं नाही. पण तिथे एक माणूस तुमच्या खुर्चीत बसला होता. चिस्सो कंपनी ॲसिटाल्डिहाइड बनवताना पारा वापरायची आणि सांडपाणी समुद्रात सोडायची. कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा यांनी १९५६ मध्ये तिथल्या लोकांना जडलेल्या एका अनोळखी आजाराची खबर आरोग्य खात्याला दिली. मग त्यांनी कारखान्याचं सांडपाणी मांजरांना खाण्यातून द्यायला सुरुवात केली. १९५९ मध्ये त्यातल्या चारशेव्या क्रमांकाच्या मांजराला तीच लक्षणं दिसली. कंपनीने निष्कर्ष दाबून ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सायक्लेटर’ नावाचं शुद्धीकरण संयंत्र थाटामाटात सुरू झालं, कंपनीच्या अध्यक्षांनी शुद्ध केलेलं म्हणून पेलाभर पाणी पिऊन दाखवलं. ते संयंत्र सेंद्रिय पारा काढतच नव्हतं, आणि हे कंपनीला ठाऊक होतं, असं पुढे न्यायालयात उघड झालं. पारा १९६८ पर्यंत वाहत राहिला. होसोकावांनी १९७० मध्ये रुग्णालयातल्या खाटेवरून साक्ष दिली. कंपनी दोषी ठरली १९७३ मध्ये.

डॉक्टरांना मी दोष देत नाही. ते निष्ठावान होते, कंपनीवर त्यांचं प्रेम होतं, आणि शेवटी त्यांनी खरं सांगितलं. पण त्या मधल्या अकरा वर्षांत त्यांचा कागद ड्रॉवरमध्ये होता. तुमचा कागद तिथे किती दिवस राहणार हे ठरवून टाका, आणि ती तारीख मालकांनाही सांगा.

त्या तारखेपर्यंत काय करायचं? जे तोंडी सांगितलं ते त्याच दिवशी मालकांना ईमेलने पाठवा: रिपोर्टची तारीख, आकडा, तुमची शिफारस, त्यांचं उत्तर. आरोपाची भाषा नको, इतिवृत्त लिहिल्यासारखं लिहा. ज्या नोंदी तुम्ही पाहिल्या नाहीत त्यांवर सही करू नका. कामगार आणि पर्यावरण कायदा जाणणाऱ्या वकिलाला आताच भेटा. परवान्याखाली तुमच्यावर व्यक्तिशः जबाबदारी येते का, कुठली कागदपत्रं स्वतःजवळ ठेवता येतात, नियामकाकडे गेलात तर तुम्हाला संरक्षण काय, हे देशागणिक वेगळं असतं आणि तिथे माझ्या अंदाजावर तुम्ही विसंबू नये. मुदत उलटली आणि पाणी तसंच जात राहिलं तर वकिलाच्या सल्ल्याने नियामक यंत्रणेला कळवा. याला नमकहरामी म्हणणारे भेटतील. नाल्याच्या पुढे जी माणसं राहतात त्यांचं मीठ तुम्ही खाल्लेलं नाही, पण तुमचं पाणी त्यांच्याकडे जातं.

राजीनामा त्यानंतर. तो द्यायला लाज वाटू नये, पण तो पहिला उपाय म्हणून देऊ नका. आज तुम्ही निघून गेलात तर तुमच्या जागी येणारी व्यक्ती बहुधा तरुण असेल, नवी असेल, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्यासमोर ते रजिस्टर आणि पेन ठेवलं जाईल. तरीही दुसरीकडे अर्ज करायला आजपासून लागा. हातात पर्याय असलेली माणसं मालकांशी अधिक सरळ बोलू शकतात, आणि हप्त्यांची काळजी थोडी हलकी झाली की तुम्हालाही ‘नाही’ म्हणणं सोपं जाईल.

या पत्रासारखी पत्रं रंगाई, औषध आणि कागद कारखान्यांतूनही येतात. त्यांना हेच सगळं लागू पडेल असं नाही, पण एक पडताळा कुठेही चालतो. गेल्या सहा महिन्यांची ईटीपीतली रसायनं, वीज आणि गाळ यांचे आकडे उत्पादनाच्या आकड्यांशेजारी मांडा. उत्पादन दीडपट झालं आणि चुना तेवढाच राहिला, किंवा रजिस्टरमध्ये रोजचा सीओडी (पाण्यातल्या प्रदूषणाचं एक माप) एकाच पट्टीत आहे आणि बीओडीचा, म्हणजे तशाच दुसऱ्या मापाचा, निकाल नमुना घेतल्याच्याच दिवशी लिहिलाय (त्या चाचणीला तीन ते पाच दिवस लागतात), तर तुम्हाला कुठे बघायचं ते कळलं.

तुमच्यासाठी उद्याचं काम एवढंच: शिफ्ट सुरू व्हायच्या आधी बफरच्या तीन बाटल्या घेऊन ईटीपीवर जा. ऑपरेटरला सोबत घ्या आणि प्रोब त्यांच्याच हातात द्या. पहिल्या बफरमध्ये काय दिसतं ते त्यांनाच वाचू दे, आणि जे दिसेल ते त्याच रजिस्टरमध्ये, त्या दिवशीच्या ओळीवर, त्यांच्याच अक्षरात लिहू दे. खाली सही तुम्ही करा.